पांढरी

सावरबोडी खाणीच्या ढिगाऱ्यावर जंगल उभं राहिलंय, हे वनिता कुळमेथेला फायलीवरून माहीत होतं. फाईल तिच्या टेबलावर पावसाळ्यातच आली होती. प्रत्यक्ष पाहणीला जायला मात्र तिनं थंडी पडेपर्यंत वेळ लावला. त्याआधी मंडळाच्या सचिव काझी मॅडमना तिनं सरळ सांगून पाहिलं.

"सावरबोडी माझं सासर आहे. माझी मुलगी तिथल्या मसणवटीत आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

काझी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या जिल्ह्यात खाणीजवळ ज्याचं कुणीच नाही असा माणूस दाखव, त्याला पाठवते. हे सगळं लिहून ठेव आणि जा. त्या ढिगाऱ्यावरची बुरशी तुझ्याइतकी इथं कुणाला कळत नाही."

खुल्या खाणीतून कोळसा काढायचा तर त्याच्यावरची माती आणि दगड आधी उपसून बाजूला टाकावे लागतात. अशा ढिगाऱ्यांना खाणीवर 'ओबी' म्हणतात. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात हे ढिगारे पिढ्यान् पिढ्या उघडेबोडके पडून होते. पावसात त्यांचा चिखल शेतात उतरायचा, उन्हाळ्यात धूळ घराघरांत. म्हणून नव्या कायद्यानं खाण-भूमी पुनर्स्थापना मंडळ नेमलं आणि एक अट घातली. जुना ढिगारा जिवंत जमीन झाला असं मंडळानं मान्य केल्याशिवाय कंपनीला पुढच्या खाणीचा परवाना मिळणार नाही. सावरबोडीच्या कंपनीला नदीपलीकडचा कोळसा हवा होता. नदीपलीकडे चार गावं होती.

कंपनीचे पुनर्स्थापना अधिकारी श्रीनिवास येरेवार फाटकापाशीच उभे होते. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी तिला टोपी दिली, पाण्याची बाटली दिली आणि दोघं चढू लागले.

जंगल खरंच होतं. खैर, आवळा, बांबू, मोह. खोडं सरळ, पानं तुकतुकीत. फायलीतल्या फोटोंपेक्षाही चांगलं. अर्धी चढण झाल्यावर वनिताच्या लक्षात आलं की आपण दोघं कुजबुजत बोलतोय. तशी काही गरज नव्हती. ती थांबली. आजूबाजूला पाखराचा आवाज नव्हता. खोडावर मुंग्यांची रांग नव्हती, फांद्यांत कोळ्याचं जाळं नव्हतं. पायाखाली पाचोळाही नव्हता. झाडून काढलेल्या अंगणासारखी स्वच्छ जमीन झाडांखाली पसरली होती.

"गळलेली पानं कुठे जातात?" तिनं विचारलं.

"टिकत नाहीत. आठवड्याभरात संपतात. पांढरी खाऊन टाकते." येरेवार जरा ओशाळले. "म्हणजे मृदाबंध. आमचे कामगार त्याला पांढरी म्हणतात."

मृदाबंध ही प्रयोगशाळेत घडवलेली बुरशी. पावसाळ्यात लाकडावर उगवते ती छत्री म्हणजे बुरशीचं फक्त फळ. तिचा खरा देह जमिनीखाली असतो, केसाहून बारीक तंतूंचं मैलोन् मैल पसरलेलं जाळं. जगातल्या बहुतेक झाडांच्या मुळांशी अशा जाळ्यांचा सौदा असतो. झाड साखर देतं, जाळं खनिजं आणून देतं. मृदाबंधात शास्त्रज्ञांनी दोन गोष्टी वाढवल्या होत्या. त्याचे तंतू चिवट होते, सुट्या दगडमातीला ते गोधडीच्या टाक्यांसारखे शिवून ठेवत. आणि ते आम्ल सोडून दगड विरघळवत, त्यातून झाडांचं अन्न काढत. दोन पिढ्यांचं काम ते पाच-सात वर्षांत करत होते. तंतूंमधून विजेचे अगदी क्षीण स्पंद वाहतात. ढिगाऱ्यावर ठिकठिकाणी रोवलेल्या धातूच्या खुंट्या ते टिपायच्या आणि त्यावरून जाळ्याची तब्येत कळायची.

वनितानं आपलं यंत्र एका खुंटीला जोडलं. स्पंद भरदार होते, एका लयीत. तब्येत उत्तम.

तेच तिला खटकलं.

झाडाला नत्र लागतं, ते हवेतून मिळवता येतं. पालाश दगडातून निघतं. पण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, या ढिगाऱ्यातल्या वालुकाश्मात जवळपास नसतोच. सुरुवातीला कंपनीनं खत घातलं होतं ते केव्हाच संपलेलं असणार. हिशेबानं हे जंगल दोन वर्षांपूर्वीच पिवळं पडायला हवं होतं.

माथ्यावरून तिनं खाली पाहिलं. सगळं जंगल हिरवं होतं, पण पूर्वेच्या उतारावर एक पट्टा त्याहून गडद होता, जवळजवळ काळपट. माथ्यापासून सुरू होऊन तो पायथ्याशी निमुळता होत गेला होता आणि कुंपणापाशी संपत होता. कुंपणापलीकडे बाभळींची रांग होती, एक नाला होता, आणि मग सावरबोडीची कौलं आणि पत्रे.

"तो पट्टा आमचा सगळ्यात चांगला भाग," येरेवार म्हणाले. त्यांनी मात्र तिकडे पाहिलं नाही.

*

पानांचे नमुने चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत गेले. वनितानं त्यात स्ट्रॉन्शियम तपासायला सांगितलं. हे मूलद्रव्य सगळ्या जमिनीत थोडंथोडं असतं, पण त्याच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण दगडागणिक बदलतं. ढिगाऱ्यातला वालुकाश्म फार प्राचीन, त्याचं प्रमाण एक. आजूबाजूच्या काळ्या मातीचा दगड लाव्हाचा, त्याचं प्रमाण वेगळं. झाड ज्या जमिनीतून जेवतं तिची खूण पानात उतरते आणि ती लपवता येत नाही.

पश्चिमेच्या झाडांत वालुकाश्माची खूण होती. पूर्वेच्या गडद पट्ट्यातली झाडं ढिगाऱ्यावर उभी होती आणि काळ्या मातीतून जेवत होती.

वनितानं अहवाल दोनदा वाचला. जाळं कुंपणाबाहेर गेलं होतं. भुकेलं जाळं जिकडे खायला असेल तिकडे वाढतं, यात नवल काहीच नव्हतं. बाभळींच्या मुळांना धरून, नाल्याच्या ओलीनं ते पुढे सरकलं असणार. पण काळ्या शेतातही स्फुरद फार नसतो. तो साठतो माणसं राहतात तिथं. राख, शेण, गोमूत्र, उष्टंखरकटं, हाडं. शेकडो वर्षं वस्ती असलेल्या जागेची माती त्यानं फिकट होते. शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची रीत त्यातूनच आली असावी.

कामगारांनी त्या बुरशीला नाव रंगावरून दिलं असेल. ती निघाली होती मात्र खरोखरच पांढरीकडे.

तिनं फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. भारत पेंदोरचा नंबर तिनं कधी काढून टाकला नव्हता.

"मी उद्या येतेय," ती म्हणाली. "कामासाठी."

"ये," तो म्हणाला. "मी वाटच पाहून राहिलो होतो. मंडळातून कोणीतरी येईल म्हणून."

रेला, दोघांची मुलगी, गेली तेव्हा तीन वर्षांची होती. मेंदूज्वर. त्यानंतर भारत शाळेची बदली मागून सावरबोडीला आईकडे परतला आणि वनिता चंद्रपूरलाच राहिली. भांडण झालं नव्हतं. त्याला मुलीच्या जवळ राहायचं होतं आणि तिला त्या गावाच्या वाटेलाही जाववत नव्हतं. इतकंच.

*

सासू गिरजाबाई ओट्यावर वाळलेली मोहफुलं निवडत बसली होती. वनिताला पाहून ती उठली नाही, पण सूप बाजूला सारून तिनं जागा केली.

"बस बाई. उभी काहून हायेस?"

वनिता बसली. गिरजाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

भारत तिला गोठ्यामागे घेऊन गेला. केस पिकले होते, बाकी तो तसाच होता. त्यानं उकिरड्यात फावडं मारलं. वर शेणाचा काळा थर होता आणि खाली सगळं पांढरं. पिंजलेल्या कापसासारखे तंतू, त्यांची जाड दोरी होऊन ती जमिनीत गेली होती.

"मागच्या वर्षीपासून शेणखत होतच नाही," भारत म्हणाला. "नुसता भुसा राहते. लोकांना वाटलं, शेणातच दम नाही. मग आमचा बैल मेला. नाल्याजवळ पुरला. पावसाळा संपल्यावर कुत्र्यांनी तिथं उकरलं तर आत शिंगांची टोकं होती. बाकी काहीच नाही. दातसुद्धा नाहीत."

वनिता वाकून तंतूंकडे पाहत होती. पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. "मसणवट?"

भारतनं फावडं भिंतीला टेकवलं. "चल."

सावरबोडीचे गोंड आपल्या माणसांना माती देतात, जाळत नाहीत. मसणवट गावाच्या पश्चिमेला होती, नाल्याच्या अलीकडे, म्हणजे ढिगाऱ्याच्याच बाजूला. उभे दगड ओळीनं होते. बरेचसे कलले होते. प्रत्येक दगडासमोर जमीन थोडी खचली होती. निजलेला माणूस उठून गेल्यावर गादीवर राहतो तसा खळगा.

रेलाचा दगड लहान होता. त्याच्यापुढचा खळगाही लहान.

"मी दर रविवारी तिथं वर जातो," भारत म्हणाला आणि त्यानं हनुवटीनं जंगलाच्या गडद पट्ट्याकडे खूण केली. "फाटकावरचा माणूस ओळखीचा आहे. बसतो थोडा वेळ आणि येतो."

"भारत, झाडात गेलेल्या स्फुरदाला नाव नसतं. ते बैलाचं असेल, उकिरड्याचं असेल."

"मीच सातवीला विज्ञान शिकवतो, वनिता. मला माहीत आहे." तो रागावला नव्हता. "तरी जातो."

वाऱ्यानं वरचं जंगल हललं. त्याचा आवाज इथवर येत होता.

*

मंडळापुढे नुसता पानांचा अहवाल पुरणार नव्हता. जाळं नक्की काय खातंय याचा पुरावा हवा होता. त्यासाठी एक तरी जागा उघडायला लागणार होती. गावचे जुनेजाणते आणि पूजा सांगणारा भूमक एकत्र बसले. कुणी आपल्या बापाचं नाव घेईना, आईचं घेईना. त्यांना ते कुणी सांगूही शकत नव्हतं.

"रेलाची उघडू," वनिता म्हणाली. "आईबाप आम्हीच आहोत. दुसऱ्या कुणाला विचारायला नको."

तिनं भारतकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं मान हलवल्याचं तिला भूमकाच्या चेहऱ्यावरून कळलं.

सकाळच्या उन्हात दोघांनीच खणलं. भूमक आणि गिरजाबाई थोडं दूर बसले होते. माती फार मऊ होती, चाळलेल्या पिठासारखी. हातभर खाली गेल्यावर भारतनं फावडं टाकलं आणि दोघं हातांनी माती काढू लागले.

आधी वाळे लागले. चांदीचे, काळवंडलेले. ते रिकामे नव्हते. त्यांच्यातून पाय गेले होते, पांढरे, बारीक, जसेच्या तसे.

वनितानं हातमोज्याचं बोट हळूच टेकवलं. पाय मऊ होता. हाड नव्हतंच तिथं. तंतूंनी हाड कणाकणानं नेलं होतं आणि नेताना त्याची जागा आपण भरत गेले होते. पायाची हाडं, बरगड्या, हातांची बोटं, सगळं लोकरीच्या नमद्यासारख्या पांढऱ्या तंतूंचं. चेहऱ्यापर्यंत त्यांनी माती काढली नाही. भारतनं तिचं मनगट धरलं.

"पुरे," तो म्हणाला.

तिला अजून एक काम करायचं होतं. तिनं यंत्राच्या तारा त्या पांढऱ्या पायाशी जोडल्या. पडद्यावर स्पंद उमटले. ढिगाऱ्याच्या माथ्यावर पाहिलेले तेच, त्याच लयीत. आणि मग, ती पाहत असताना, लय थांबली. काही क्षण रेघ सपाट राहिली, आवाज ऐकून कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तशी. पुन्हा सुरू झाली तेव्हा ती संथ झाली होती.

उजेड लागला, ओल उडाली, तापमान बदललं. जिवंत तंतू त्याला प्रतिसाद देणारच. वनितानं भारतला तसं सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की आपण पुन्हा कुजबुजत बोलतोय.

माती परत लोटून झाल्यावर गिरजाबाई जवळ आली.

"व्हती का?" तिनं विचारलं.



*

दुसऱ्या दिवशी येरेवार तिला ढिगाऱ्याच्या उत्तर बाजूला घेऊन गेले. तिनं मागितलं नव्हतं, त्यांनीच म्हटलं होतं, "निर्णय घेण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या."

तिथं डोंगराचा एक लचका तुटलेला होता. दगडमातीचा लोंढा खाली उतरून जुन्या रस्त्यावर पसरला होता. मोडलेली झाडं त्यात उलटीपालटी अडकली होती.

"कुंपणाबाहेर तंतू दिसल्याचं मला दोन वर्षांपूर्वी कळलं," येरेवार म्हणाले. "मारून पाहावं म्हणून एवढ्याच तुकड्यावर बुरशीनाशक टाकलं. एका मोठ्या पावसात तो खाली आला. इथं खाली कुणी राहत नाही म्हणून बरं. पूर्वेला खाली गाव आहे."

"तुम्ही हे कळवलं नाही."

"कळवलं. वर. उत्तर आलं की तुकडा फोटोत घेऊ नका." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "पूर्वेचा पट्टा गडद होत गेला तो मला दिसत होता, मॅडम. तो कशावर पोसतोय ते मी स्वतःला विचारलं नाही. माझी माणसं वणीच्या स्मशानात जाळलेली आहेत. तुम्ही म्हणाल, याला काय त्याचं."

वनिता समोरच्या लोंढ्याकडे पाहत होती. नियम साधे होते. पाहणीत ढिगारा नापास झाला तर परवाना नाकारायचा आणि त्यावर वापरलेला जैविक घटक नष्ट करायचा. पास झाला तर कंपनी ढिगारा सोडून नदीपलीकडे जाईल आणि मृदाबंधही तिच्याबरोबर जाईल. नापास केला तर पुढच्या पावसाळ्यात डोंगर गावावर येईल. पास केला तर पांढरी मसणवट संपवून घरांखाली शिरेल, मग गोठ्यात, मग शेतात. नियम लिहिणाऱ्यांनी तिसरं काही असेल असं धरलंच नव्हतं.

"तिला वरच खायला मिळालं तर?" तिनं विचारलं.

येरेवारांनी वळून पाहिलं.

"हाडांचा चुरा, रॉक फॉस्फेट. माथ्यावर, पश्चिमेला, गावापासून लांब. जाळं जिकडे मिळेल तिकडे वाढतं. बाहेरून मिळण्यापेक्षा आत जास्त मिळालं तर ते बाहेरचे हात आखडून घेईल."

"किती वर्षं घालायचं?"

"डोंगर आहे तोवर."

"म्हणजे ही खाण कधी बंदच होणार नाही," येरेवार सावकाश म्हणाले. "कंपनी इथून कधी जाऊच शकणार नाही."

"होय," वनिता म्हणाली.

*

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. झाडाखाली टेबल, त्यामागे काझी मॅडम आणि मंडळाची माणसं. कंपनीच्या वकिलानं जंगलाचे फोटो दाखवले, फोटो खरे होते. वनितानं पानांचे अहवाल वाचले. मसणवटीत काय सापडलं ते तिनं थोडक्यात सांगितलं. कुणाची जागा उघडली ते सांगितलं नाही. गावाला ते माहीत होतं.

मागे बसलेला एक तरुण उठला. "माझ्या बापाला त्या बुरशीनं खाल्लं. ती मारा. डोंगर पडला तर पडू दे, आम्ही उठून जाऊ."

"कुठे जाशील?" कुणीतरी विचारलं. तो उभाच राहिला, मग बसला.

गिरजाबाई काठी टेकत पुढे आली. माईक दिला तो तिनं हातात घेतला नाही, पण पटांगण इतकं शांत होतं की तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"तिले मारू नका. माझा नवरा त्या डोंगरात गेला, माझी सासू गेली, माझी नात गेली. आता तो डोंगर कोण धरून हाये? कंपनी धरून हाये का? आमचीच मान्सं धरून हायेत. तिले माराल तर त्यायचेच हात तुटतीन, अन् तो आमच्यावर येईन. खायला घाला तिले. ज्यानं आनली त्यानं घालावं. अन् नदीपल्याड नेऊ नका."

वकिलानं हरकत घेतली की हे शास्त्रीय मत नाही. काझी मॅडमनी वनिताकडे पाहिलं.

"माझी शिफारस हीच आहे," वनिता म्हणाली. "परवाना नाकारावा. जैविक घटक नष्ट करू नये. त्याला पोसण्याची जबाबदारी कायमची कंपनीवर ठेवावी आणि ही खाण बंद झाल्याचा दाखला कधीही देऊ नये."

"असा निर्णय नियमात बसत नाही," मंडळाचा एक सदस्य म्हणाला.

"हा डोंगरही बसत नाही," काझी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सुनावणी संपवली.

*

निर्णय तसाच झाला. कंपनी लवादाकडे गेली. लवादानं निकाल लागेपर्यंत खाद्य चालू ठेवायला सांगितलं. माथ्यावर पांढऱ्या चुऱ्याचे ट्रक चढू लागले. पुढचा पावसाळा डोंगरानं झेलला. हिवाळ्यात भारतच्या उकिरड्यात पुन्हा काळं, कुजलेलं खत झालं आणि नाल्याकाठचे तंतू सुकून मातीत विरले. पूर्वेचा पट्टा फिकट होत इतर जंगलासारखा झाला. वनिता दर महिन्याला नमुने घ्यायला यायची. आधी ती संध्याकाळी परत जायची, मग मुक्काम करू लागली. भारतनं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. गिरजाबाईनं मात्र तिच्यासाठी वेगळी गोधडी काढून ठेवली होती.

उन्हाळ्यात गिरजाबाई आजारी पडली. फार दिवस अंथरुणावर नव्हती. एका दुपारी तिनं दोघांना जवळ बोलावलं.

"मले मसणवटीत नोका नेऊ. तिथं आता कोणीच नाही. मले वर न्या."

"आई, ती कंपनीची जमीन आहे," भारत म्हणाला.

"कंपनीची कायची? तुह्या बापाची हाये."

ती गेल्यावर भूमकानं सगळ्यांना बसवलं. अशी माती कुणाला आजवर दिली नव्हती. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी भूमक म्हणाला की माणूस आपल्या माणसांकडे जातो आणि तिची माणसं वर आहेत. विषय तिथं संपला. येरेवारांनी फाटक उघडून ठेवलं आणि स्वतः बाजूला, उन्हात उभे राहिले. वनितानं यंत्र गाडीतून काढलं होतं. भारतनं नुसतं पाहिलं आणि तिनं ते परत आत ठेवलं.

पूर्वेच्या उतारावर, एका मोहाजवळ, माणसांनी खड्डा खणला. वनितानं सवयीनं भिंती पाहून घेतल्या. तपकिरी दगडमाती, मधूनमधून मुळं. तंतू जवळजवळ नव्हतेच, जाळं आता खाद्याकडे, पश्चिमेला सरकलं होतं. गिरजाबाईला सावलीत ठेवलं होतं. बायकांनी गाणं धरलं. ते गाणं मोठं होतं. त्यात गेलेल्या माणसाला त्याच्या आधी गेलेल्यांची नावं एकेक करून ऐकवतात. रेलाचं नाव आलं तेव्हा भारतनं वनिताचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

गाणं संपलं. चार जण गिरजाबाईला उचलून खड्ड्यापाशी आले आणि थांबले.

खड्डा पांढरा झाला होता.

भिंती, तळ, कडा, सगळीकडे बारीक मऊ तंतू आले होते. पिंजलेला कापूस कुणी हातानं नीट अंथरावा तसे. डोकं यायचं त्या बाजूला थर थोडा जाड होता. कुणी ओरडलं नाही, कुणी मागे सरलं नाही. सगळे वनिताकडे पाहू लागले, कारण या गोष्टी तिलाच कळतात हे सगळ्यांना माहीत होतं.

तिला माहीत होतं ते असं होतं. मृदाबंधाचा तंतू दिवसभरात बोटाच्या पेराएवढा वाढतो, त्याहून जास्त वाढल्याचं कुणी कधी मोजलेलं नाही. कदाचित तंतू मातीत आधीपासूनच असतील, पारदर्शक, न दिसणारे. हवा लागून ते फुगले असतील. असं होऊ शकतं. ते तपासता आलं असतं. यंत्र गाडीत होतं आणि गाडी फार लांब नव्हती.

भारत खड्ड्याच्या काठावर बसला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"वनिता?"

ती पुढे झाली. पदर खोचून तिनं सासूच्या डोक्याखाली हात घातला.

"हळू," ती म्हणाली. "डोकं त्या बाजूला येऊ द्या."